चांदवडकर पद्धत

डॉक्टर कुलथ्यांच्या टेबलावर मी माझा तक्ता उलगडला, तेव्हा त्यांचा चहाचा कप त्याच्याखाली झाकला गेला.

"छप्पन्न दिवस," मी म्हणालो. "गेले छप्पन्न दिवस हिने एकही भांडं घासलेलं नाही. तारीखवार नोंद आहे, खाली माझी सही आहे. तरी हात होते तसेच आहेत. म्हणजे दोष तुमच्या मलमात असला पाहिजे."

डॉक्टरांनी आधी तक्त्याखालून कप सोडवला, मग कुमुदचे हात उताणे करून दिव्याखाली धरले. तळहाताची कातडी सोललेली होती. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक इतकी खोल होती, की ब्लाउजचं बटण लावताना ती तो अंगठा बाजूला ठेवून दोन बोटांनी काम भागवायची.

"काकू, साबणाचं पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो. मशीन आहे ना आता," कुमुद म्हणाली. हे बोलताना तिने डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने पाहिलं.

पाच आठवड्यांनी आमच्या रेवतीचं बाळंतपण होतं. पहिलंच, म्हणून माहेरी, नाशकात. कुमुदने एकच गोष्ट धरून ठेवली होती: बाळाला अंघोळ ती स्वतः घालणार. पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर बाळाला घेऊन, तिच्या आईने रेवतीला घातली होती तशी. त्या वेळी आईने कुमुदला रेवतीच्या अंगाला तेलाचा हातही लावू दिला नव्हता, तुला जमायचं नाही म्हणून. तीस वर्षं ती आपल्या संधीची वाट बघत होती.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की हे हात बाळाला लावायचे नाहीत. बाळाच्या कातडीला ओरखडे उठतील आणि उघड्या भेगांत तेल-पीठ गेलं तर हिचे हात पिकतील. कुमुदने एवढंच विचारलं, "पाच आठवड्यांत होतील ना बरे?"

"पाणी आणि साबण खरंच बंद असेल, तर चार आठवड्यांतही होतील."

"खरंच" हा शब्द त्यांनी जरा लांबवला. रिक्षात बसल्यावर मी कुमुदला म्हणालो, की औषध लागू पडलं नाही की डॉक्टर लोक असे शब्द लांबवतात. आपण डॉक्टर बदलू. ती रस्त्याकडे बघत बसली होती.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी सातपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं अंतिम तपासणी विभागात काढली, शेवटची अकरा वर्षं प्रमुख म्हणून. पंप तयार होऊन आला की तो चालवून बघायचा, पास किंवा नापास लिहायचं आणि सही करायची. येणारा कच्चा माल तपासणं हे दुसऱ्या खात्याकडे होतं. त्या खात्याच्या प्रमुखाशी माझं वाकडं होतं, त्यामुळे तिकडे मी कधी फिरकलो नाही.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष वाईट गेलं. घरात मी काय करावं हे कुणाला कळत नव्हतं, मला तर नाहीच. मी डाळींचे डबे तारखेप्रमाणे लावले. विजेच्या बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दूधवाल्याचं माप तपासलं, तर तो दूध घालायचाच बंद झाला. नंतर नंतर मी सकाळी दहापर्यंत अंथरुणातच पडून राहू लागलो. कुमुद चहा आणून ठेवायची आणि गार झालेला उचलून न्यायची.

अशात कामाच्या हौसाबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गावी गेल्या. दोन महिने भांडी घासून कुमुदचे हात गेले. रेवतीने पुण्याहून डिशवॉशर पाठवला. आईने हात पाण्यात घालायचा नाही अशी फोनवर तंबी दिली आणि बाबांनी मशीन सांभाळायचं असं ठरलं.

मशीन बसवायला आलेला माणूस माहिती सांगायला लागला, तेव्हा मीच त्याला पंप कसा चालतो ते समजावून दिलं. त्याने निमूटपणे ऐकलं आणि जाताना एक जाड पुस्तक हातात दिलं. ते सर्वसामान्य लोकांसाठी होतं, म्हणून मी बाजूला ठेवलं. मग कुमुदच्या देखत दोन्ही घासण्या आणि भांड्यांच्या साबणाची वडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. छोटासा समारंभच झाला म्हणायचा.

कुमुदने विचारलं, "खरकटं तसंच आत ठेवायचं? मशीन भरेपर्यंत?"

मला वाटलं, तिला मशीनच्या ताकदीबद्दल शंका आहे. मी तिला पाण्याच्या दाबाबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. तिने भिंतीकडे पाहिलं. मशीन त्या भिंतीला टेकून होतं आणि भिंतीच्या पलीकडे आमचा देव्हारा आहे. मग ती बरं म्हणाली आणि मी विषय संपला असं समजलो.

कामाची वाटणी मी केली. कोणतं भांडं कुठे ठेवायचं याची आकृती काढून फ्रिजवर लावली. त्याप्रमाणे मशीन भरणं हे साधं काम, ते कुमुदकडे. कळ दाबणं आणि भांडी बाहेर काढून तपासणं ही जबाबदारीची कामं, ती माझ्याकडे. दुपारची झोप झाली की मी स्वयंपाकघरात जायचो. तोवर मशीन भरून, दार लावून तयार असायचं. रात्री बातम्या संपल्या की तसंच. मी कळ दाबायचो, भांडी झाली की एकेक ताट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचो, कढईत बोट फिरवून बघायचो आणि टक्के लिहायचो.

पहिल्या आठवड्याचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला. पेल्यांवर पाण्याचे पांढरट ठिपके पडत, तेवढे दोन टक्के मी नाशिक महानगरपालिकेच्या पाण्याच्या नावे टाकले. पहिल्याच फटक्यात अठ्ठ्याण्णव आल्यावर साधा माणूस थांबला असता. मी सुधारणा करायला घेतल्या.

मशीनमध्ये साबणाची एक गोळी घालायची असते. मी अर्धी घातली. अठ्ठ्याण्णव टक्के. अडीच तासांचा, कडकडीत गरम पाण्याचा कार्यक्रम सोडून तीस मिनिटांचा गार पाण्याचा लावला. अठ्ठ्याण्णव. आपोआप चालणारा एक कार्यक्रम होता, मशीन पाहिजे तेवढा वेळ स्वतःच ठरवतं. तो नेहमी वेळेच्या आधीच संपायचा. माझ्या आकृतीमुळे मशीनचं काम सोपं झालं असणार, अशी मी शेऱ्यात नोंद केली. एकदा तर मी गोळी घालायलाच विसरलो. भांडी बाहेर काढली, तपासली आणि शेरा लिहिला: "अठ्ठ्याण्णव टक्के. गोळीचं महत्त्व कंपनीने वाढवून सांगितलेलं दिसतं."

आज हे वाचताना मला घाम फुटतो. तेव्हा मी शीळ घालत होतो.

कंपनीला मी चार पानी पत्र लिहिलं. आठवड्याने एका मुलीचा फोन आला. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर, भांडी आधी धुवून ठेवता का?" मी तिला म्हणालो, की बाळ, मशीन घेतल्यावर भांडी कोण धुतं? त्यावर तिने माझे आभार मानून फोन ठेवला.

तर अर्धी गोळी, तीस मिनिटं, गार पाणी, भांडी आकृतीप्रमाणे भरा आणि बाकीचं विसरा. हिला मी चांदवडकर पद्धत असं नाव दिलं. तिची माहितीपत्रकं छापून लिफ्टमध्ये लावली. पन्नास वाटली. सकाळी सहाला उठून, दाढी करून, शर्ट घालून मी तक्त्यासमोर बसू लागलो. कुमुद चहा आणून ठेवायची, आणि मी तो गरम असतानाच प्यायचो.

डॉक्टरांकडून परत आलो त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या निकुंभवहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. वहिनी जळगावकडच्या. त्यांच्या घरून येणाऱ्या फोडणीच्या वासाने आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत माणसांना ठसका लागतो. त्या मशीन घ्यायचा विचार करत होत्या. माहितीपत्रकावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरची भांडी म्हणजे काय, दहीभात खाल्लेली. त्यात मशीनचं कौतुक ते काय. माझी शेवभाजीची कढई घालून दाखवा, मग मी मानते."

मी रविवारी सकाळी अकराची वेळ दिली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते नंतर कळतं.

रविवारी वहिनी दोन शेजारणींना आणि एक मोठी परात घेऊन आल्या. परातीत आदल्या रात्रीच्या पाहुणचाराची भांडी होती. शेवभाजीची कढई, तिच्या कडेला लाल तर्रीचा थर. वरण-बट्टीचं पातेलं, त्यात वरण वाळून खपली धरलेलं. भरताच्या ताटल्या, ताकाचे पेले. कुमुद ते बघून उठलीच. मी तिला खांद्याला धरून बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं. आज ती पाहुणी होती. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिने आज नुसतं बघायचं होतं.

"अहो, मी जरा आत जाऊन येते," ती म्हणाली.

मी नको म्हणालो. दोन मिनिटांनी तिने गॅस बंद आहे का ते बघायचं काढलं. गॅस मी बघितला. मग ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "निकुंभवहिनींच्या भांड्यांवरून नुसता हात फिरवते. लगेच होईल."

"तू हात फिरवलास, तर माझ्या पद्धतीला काय अर्थ राहिला?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. शेजारणी हसल्या. कुमुद खुर्चीत जाऊन बसली आणि पदराचं टोक बोटांना गुंडाळू लागली.

त्या दिवशी मशीन भरण्याचं काम पहिल्यांदा मी केलं. कढई सगळ्यांत खाली उताणी ठेवली, पातेलं तिच्यावर, ताटल्या उरलेल्या जागेत. आपले दोन स्वच्छ काचेचे पेलेही ठेवले, चकाकी दाखवायला. अर्धी गोळी घातली. कळ दाबली. मग तीस मिनिटं मी भाषण केलं. पाण्याचा दाब, पस्तीस वर्षांचा अनुभव आणि सामान्य गृहिणींच्या मनातली मशीनबद्दलची भीती, असे तीन भाग होते.

मशीनने शिट्टी दिली. मी दार उघडलं.

आधी वास आला. शेवभाजीचा, ताजी केल्यासारखा. कढई उताणी होती, त्यामुळे तिच्यात लालसर पाणी साठलं होतं आणि त्यावर शेव तरंगत होती. पातेल्यातलं वरण जागचं हललं नव्हतं. तर्री मात्र सगळीकडे पोचली होती. ताटल्यांवर, पेल्यांवर, मशीनच्या दारावर आतून, सगळीकडे एकसारखा तांबूस थर. मी चकाकी दाखवायला ठेवलेल्या पेल्यात कोथिंबिरीचं एक पान चिकटलं होतं. माझा हात तक्त्याकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

निकुंभवहिनींनी वाकून नीट बघितलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "मी आणली तेव्हा एकच कढई तेलकट होती. आता सगळ्यांना वाटा मिळाला."

मी काहीतरी बोलत होतो. विजेचा दाब कमी असेल, पाणी कमी आलं असेल, खानदेशी तेल वेगळं असतं. माझं अंगण वाकडंच होतं. त्याच वेळी कुमुद माझ्या बाजूने आत गेली. तिने पदर खोचला, स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत जाऊन उलट्या बादलीमागे हात घातला आणि काहीतरी काढून आणलं. मग एका हाताने नळ सोडला, दुसऱ्या हाताने कढई उचलली आणि घासायला लागली. पेले डावीकडे, ताटल्या मध्ये, पातेलं पाणी घालून भिजत. रोजच्या सवयीचे हात होते ते.

तिच्या हातात तारेची घासणी होती. शेजारी साबणाची वडी, झिजून पापडासारखी झालेली.

कोणती वस्तू किती झिजली आहे, यावरून ती किती वापरली गेली ते सांगणं, हे माझं पस्तीस वर्षांचं काम. त्या घासणीकडे बघून मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तक्त्यावरचे छप्पन्न दिवस आणि त्यानंतरचे चार, सगळे एकदम माझ्यासमोर उभे राहिले. अर्धी गोळी, गार पाणी, अठ्ठ्याण्णव टक्के. गोळीशिवायसुद्धा अठ्ठ्याण्णव टक्के.

निकुंभवहिनींनी कुमुदच्या हातातून कढई काढून घेतली, कारण कढईच्या कडेवर साबणाच्या फेसात लाल रेघ उतरली होती. ती तर्रीची नव्हती. वहिनींनी तिचा तळहात उजेडाकडे केला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि शेजारणींना म्हणाल्या, "चला, परात उचला. आपण आपल्या घरी घासू." कढई मात्र घाईत आमच्याकडेच राहिली.

त्या गेल्या. कुमुद हात टिपत होती. मी विचारलं, "किती दिवसांपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सगळी भांडी?"

"तुम्ही झोपलात की दुपारची. बातम्या लागल्या की रात्रीची." तिने घासणी ओट्यावर ठेवली. "ही तिसरी आहे."

"आणि धुतलेली भांडी तू मशीनमध्ये भरायचीस."

"आकृतीप्रमाणे," ती म्हणाली. टोमणा नव्हता, खरंच आकृतीप्रमाणेच भरायची.

मी का म्हणून विचारलं. तेव्हा ती जरा चिडली. "खरकटं घरात बंद करून कसं ठेवायचं हो? दुपारचं तुमची झोप होईपर्यंत, रात्रीचं बातम्या संपेपर्यंत? भिंतीपलीकडे देव आहेत. माझ्या आईच्या घरात खरकटं भांडं कधी घटकाभर पडून राहिलं नाही. पहिल्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही पंपाचं सांगत बसलात."

"मग नंतर तरी सांगायचंस."

"सांगणार होते." ती खुर्चीत बसली. "पण तुम्ही तो तक्ता करायला घेतलात. सकाळी उठून दाढी करायला लागलात. शीळ वाजवायचात. वर्षभरात तुम्हाला असं बघितलं नव्हतं मी. म्हटलं, चाललंय तर चालू दे. दोन वेळची चार भांडी, त्यात काय. मलम तर लावतच होते."

मला काय वाटलं ते सांगतो. लाज वाटली. निकुंभवहिनींसमोर वाटली त्याच्या शंभरपट वाटली. तिच्या हातांसाठी आलेलं मशीन मी माझ्या करमणुकीला घेतलं होतं, आणि तिने आपले हात सोलून माझे टक्के भरले होते. डॉक्टरांच्या टेबलावर मी तक्ता पसरला होता आणि तिचे हात त्याच्याच शेजारी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर डॉक्टरांनी हात दिव्याखाली धरून दाखवले होते.

"चारच आठवडे राहिले," कुमुद म्हणाली. "आता बाळाचं कसं करायचं?"

एवढं बोलून ती रडली. तोंडावर हात घेता येत नव्हते, डोळ्यांच्या पाण्यानेही झोंबायचं. म्हणून हात मांडीवर उताणे ठेवून तशीच रडली. डोळे मी पुसले. पस्तीस वर्षांच्या संसारात ते काम माझ्यावर आधी आलं नव्हतं, म्हणजे मी येऊ दिलं नव्हतं.

मग मी ते जाड पुस्तक शोधलं. मिक्सर डुगडुगतो म्हणून त्याच्या एका पायाखाली मीच ते सरकवलं होतं. दुपारी झोपलो नाही, पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. नापास झालेल्या पंपाचा अहवाल वाचावा तसं. भांडी आधी धुवू नका, हे सातव्या पानावर ठळक अक्षरांत होतं. फक्त उरलेलं अन्न निपटून काढा. पाणी किती गढूळ होतंय ते बघून मशीन वेळ ठरवतं. भांडी स्वच्छ दिसली तर ते लवकर आटोपतं. पाणी जड असेल तर मशीनचं वेगळं मीठ भरा, म्हणजे ठिपके पडणार नाहीत. महानगरपालिका सुटली. तेलकट भांड्यांना पूर्ण गोळी आणि सगळ्यांत गरम कार्यक्रम. कढई पालथी आणि जराशी तिरकी. पाणी उडवणारे फिरते पंखे अडतील असं काही ठेवू नका. तळाची गाळणी आठवड्याला धुवा. मला तळाला गाळणी आहे हेच माहीत नव्हतं. काढून बघितली, तर ती इतके दिवस कोरी होती आणि आता तिच्यात निकुंभवहिनींची शेव होती.

तेविसाव्या पानावर मी थांबलो आणि कुमुदला हाक मारली. मशीन पूर्ण भरायला वेळ असेल तर भांडी नुसती विसळून ठेवायची, असा एक दहा मिनिटांचा कार्यक्रम होता. साबण नाही, काही नाही. नुसतं खरकटं धुऊन पाणी बाहेर सोडायचं.

"म्हणजे ते आपलं आपण विसळतं?" कुमुदने विचारलं.

"दहा मिनिटांत."

"आणि खरकटं आत राहत नाही?"

"गटारात जातं."

मी निकुंभवहिनींची कढई निपटली, पालथी ठेवली आणि तो कार्यक्रम लावला. दुसऱ्याचं खरकटं निपटायची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ, एकसष्टाव्या वर्षी. कुमुद मशीनच्या दाराला कान लावून उभी राहिली. पाणी आलं, फिरलं, खळखळत गेलं. तिने देव्हाऱ्याच्या बाजूला बघितलं आणि म्हणाली, "हे त्या दिवशीच सांगायचं नाही का."

"त्या दिवशी वाचलं नव्हतं," मी म्हणालो. मग पूर्ण गोळी घालून गरम कार्यक्रम लावला. कढई निघाली तेव्हा तिच्यात माझं तोंड दिसलं, ते बघण्यासारखं नव्हतं.

कढई परत करायला गेलो, तेव्हा वहिनींनी ती उजेडात धरून सगळ्या बाजूंनी तपासली, अगदी माझ्यासारखी. मशीन घेते म्हणाल्या, पण तुमची पद्धत नको, पुस्तकातली सांगा. लिफ्टमधली माहितीपत्रकं मी स्वतः खरवडून काढली. घासणी आणि साबण पुन्हा कचऱ्यात टाकले, या वेळी समारंभ न करता. भांडी मी भरायला लागलो आणि कुमुदच्या हातांत पांढरे सुती मोजे आले.

डॉक्टरांनी चार आठवडे म्हटले होते. रेवतीने ते दिले नाहीत. बाळ दहा दिवस आधी आलं, मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली, तेव्हा कुमुदच्या हातांची कातडी भरून आली होती, पण भेगा होत्या. मालिशवाल्या शेवंताबाई यायला लागल्या. पहिल्या दिवशी न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर कुमुद मोजे घालून बसली आणि सांगत राहिली, मान धरा, पाठीला जरा सावकाश, कानात पाणी जाईल. शेवंताबाई हो हो करत आपल्या पद्धतीने घालत होत्या. बाळ गुंडाळून बाहेर नेलं, तरी कुमुद स्टुलावरच होती. मी तिथे होतो. मला तिच्याकडे बघवलं नाही, पण बघितलं.

असे तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी सकाळी शेवंताबाईंचा निरोप आला, की आज यायला जमणार नाही. पाणी तापलेलं होतं. कुमुद माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने मोजे काढले.

"तपासा," ती म्हणाली. "तुमचं कामच ते."

मी तिचे हात खिडकीपाशी नेले. उजेडात धरले, पेरापेरांवरून बोट फिरवलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून तिचे दोन्ही तळहात माझ्या गालांवर फिरवून बघितले. त्या दिवशी दाढी नुकतीच केलेली होती. हात मऊ होते. डावा पास होता. उजव्याचा अंगठा गालावरून गेला, तेव्हा बारीकसं काहीतरी टोचलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला पास म्हणता आलं असतं. तिने साठ दिवस माझ्यासाठी तेच केलं होतं.

"अंगठ्याच्या मुळाशी एक राहिली आहे," मी म्हणालो. "अजून नापास."

कुमुदने अंगठा स्वतः दाबून बघितला. "आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "तेवढा वर धरीन."

तिने पाट मांडला, भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले. रेवतीने बाळ तिच्या पायांवर ठेवलं. मी तांब्याने पाणी घालत होतो, ती सांगेल तेवढं, सांगेल तिथे. चार बोटांनी तिने तेल लावलं, चार बोटांनी पीठ चोळलं, मान धरली, कानामागे पुसलं. अंघोळ संपेपर्यंत तिचा अंगठा वरच होता.